थडगी सांगतात शहराची गोष्ट

कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटचे जुने नाव होते ‘बेरियल ग्राउंड रोड’, म्हणजे दफनभूमीचा रस्ता! १७६७ साली सुरू झालेल्या तिथल्या दफनभूमीत संस्कृत पंडित सर विल्यम जोन्स व २२व्या वर्षीच गेलेला कवी डेरोझिओ विसावले आहेत.

अशा खुणांमागचे शहर पी. थंकप्पन नायर यांनी आयुष्यभर धुंडाळले. १९५५ साली केरळहून पोटासाठी आलेला हा तरुण कोलकात्याच्याच प्रेमात पडला. गल्लीबोळ पायी तुडवत त्यांनी रस्त्यांचा, जॉब चार्नॉकचा इतिहास लिहिला. साठच्या वर पुस्तके! २०१८ साली ते गावी परतले. २०२४ साली निवर्तले.

दगडावरची अक्षरे झिजतात. कोणी वेळीच कागदावर उतरवली, तरच नावे उरतात.