दीनानाथ ते बालगंधर्व: किती पावलं?

आजचा विषय म्हटलं तर खेळाचा आहे. दोन कलावंतांची नावं घ्यायची आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत साखळी जोडायची. अट एकच, साखळीतल्या शेजारच्या दोघांनी प्रत्यक्ष एकत्र काम केलेलं हवं. जितके दुवे, तितकी पावलं. जो कमी पावलांत पोचेल तो जिंकला.

खेळ मूळचा आपला नाही. गणितज्ञ पॉल एर्डिश यांच्याबरोबर ज्याने शोधनिबंध लिहिला त्याचा अंक एक, त्या माणसाबरोबर ज्याने लिहिला त्याचा दोन, अशी मोजणी गणितवाले फार पूर्वीपासून करत आले. १९९४ साली अमेरिकेतल्या काही कॉलेजच्या पोरांनी तेच केव्हिन बेकन या नटावरून सुरू केलं आणि खेळ घरोघरी गेला. आम्ही तो संगीतात आणणार आहोत, आणि सुरुवात रत्नागिरीपासून करणार आहोत.

सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत इथे स्थानबद्ध होते, हे इथे कुणाला सांगायला नको. त्या काळात त्यांनी 'संगीत संन्यस्त खड्ग' लिहिलं. १९३१ साली ते रंगभूमीवर आणलं मास्टर दीनानाथांच्या बलवंत मंडळींनी. चाली रामकृष्णबुवा वझ्यांच्या. म्हणजे वझेबुवा आणि दीनानाथ, पहिला दुवा पक्का.

आता दीनानाथांपासून जॉर्ज हॅरिसनपर्यंत जायचं. हो, बीटल्समधलाच. दीनानाथ ते लतादीदी, हे एक पाऊल: १९३८ मध्ये सोलापुरात वडिलांबरोबर त्या मंचावर गायल्या. लतादीदी ते रविशंकर, दोन: 'अनुराधा' हा १९६० चा सिनेमा, संगीत रविशंकरांचं. रविशंकर ते हॅरिसन, तीन: १९७४ ची 'शंकर फॅमिली अँड फ्रेंड्स' ही तबकडी हॅरिसनने काढली आणि तीत तो वाजवलाही. झालं! तीन पावलं. वझेबुवांपासून मोजलीत तर चार.

ऐकायला गंमत वाटते, पण थोडा संशयही यायला हवा. मोजायचं काय, हे ठरवल्याशिवाय हा खेळ पोकळ आहे. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीत गेली. त्याच तबकडीत चक बेरी आहे, लुई आर्मस्ट्राँग आहे. म्हणून केसरबाई आणि आर्मस्ट्राँग एका पावलावर? अजिबात नाही. एका डब्यात बसले म्हणून सोयरे होत नाहीत. 'मिले सुर मेरा तुम्हारा' हे १९८८ चं गाणं घ्या. भीमसेनजी, बालमुरलीकृष्ण, लतादीदी, सगळे आहेत. पण ज्याचा त्याचा तुकडा वेगळा. आम्ही तो धरत नाही. भीमसेनजी आणि बालमुरलीकृष्ण यांच्या जुगलबंद्या झाल्या आहेत, त्या धराव्यात. संगीतकार आणि गायक हा दुवा आम्ही धरतो, कारण चाल समोरासमोर बसून गळ्यात उतरवली जाते. गुरुशिष्याचं नातं मात्र नुसतं तेवढ्यावर धरत नाही. ते याहून मोठं असेल, पण वेगळं आहे.

आता मुख्य प्रश्न. दीनानाथ आणि बालगंधर्व यांच्यात किती पावलं?

दोघेही किर्लोस्कर नाटक मंडळीतले, म्हणजे एकच, असं पटकन वाटतं. तारखा पाहा. बालगंधर्व १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह किर्लोस्कर सोडून गेले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. दीनानाथ किर्लोस्करमध्ये आले १९१४ मध्ये. पुढे १९१८ मध्ये त्यांनीही बाहेर पडून बलवंत काढली. एकाच घरात राहिले, पण एक बाहेर पडल्यावर दुसरा आत आला.

मग वळसा घ्यावा लागतो. दीनानाथ ते वझेबुवा, एक. वझेबुवा ते केशवराव भोसले, दोन. ललितकलादर्शच्या नाटकांनाही बुवांच्याच चाली होत्या. आणि केशवराव ते बालगंधर्व? दोघांच्या कंपन्या वेगळ्या, चाहते वेगळे, आणि चाहत्यांची भांडणं तर विचारू नका. पण ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. तीन पावलं.

पुढच्याच ऑक्टोबरात केशवराव गेले. वय उणंपुरं एकतीस. तो संयुक्त प्रयोग आणखी चार महिने लांबला असता, तर हा दुवा कधी जुळलाच नसता. भाट्याच्या पुलासारखं आहे हे. काजळी नदीच्या मुखावरचा एक पूल, त्याने रत्नागिरी आणि पावसकडची गावं शेजारी होतात. पूल काढा, गावं जिथल्या तिथेच राहतील, पण माणसांना मोठा वळसा पडेल. दोन घट्ट घोळक्यांना जोडणारा एखादाच धागा सगळ्या जाळ्याची अंतरं कमी करतो. १९९८ मध्ये वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ यांनी गणिताने दाखवलं ते हेच: बहुतेक जोड जवळच्यांतलेच असू देत, त्यात थोडे लांबचे जोड मिसळले की सगळं जग जवळ येतं.

दुसरी वाटही आहे. बालगंधर्व ते मास्तर कृष्णराव, एक. ते गंधर्व मंडळीतच होते. मास्तर कृष्णराव ते लतादीदी, दोन. 'कीचकवध' सिनेमातलं 'धुंद मधुमती' हे गाणं मास्तरांच्या चालीचं. लतादीदी ते दीनानाथ, तीन. आकडा तोच. पण दीनानाथ १९४२ मध्ये गेले आणि ही वाट त्यानंतर बऱ्याच वर्षांनी तयार झाली. खेळाला काळ कळत नाही. कुणावर कुणाचा परिणाम झाला हे शोधायचं असेल तर ही दुसरी वाट निरुपयोगी, पहिलीच धरावी लागेल. आमच्या मते या खेळात सर्वांत जास्त फसगत इथेच होते.

आता एक बारीक गोष्ट. १९१३ मध्ये बालगंधर्वांबरोबर कंपनी सोडून न गेलेला, किर्लोस्करमध्येच थांबलेला एखादा तबलजी किंवा सारंगिया मनात आणा. त्याने आधी बालगंधर्वांना साथ केली, वर्षभराने दीनानाथांना. त्याच्यामार्फत अंतर तीन नाही, दोन होतं! नाटकाच्या जाहिरातीवर नटांची नावं मोठ्या टाइपात असत. साथीदाराचं नाव तिथे शोधू नका.

जाळं खरं बांधतात ते साथीदार. गायक वर्षभरात चारदोन नव्या माणसांबरोबर गाईल, तबलजी आठवड्यात तेवढ्यांना वाजवतो. अहमदजान थिरकवाँ गंधर्व मंडळीत होते आणि बाहेर फैयाज खाँसारख्यांच्या मैफलीतही. त्या एका तबल्याने नाटकाचा तंबू आणि खाँसाहेबांची बैठक एकमेकांना लागून येतात. आपल्याच जिल्ह्यातले, गुहागर तालुक्यातले गोविंदराव पटवर्धन घ्या. छोटा गंधर्व, राम मराठे, वसंतराव देशपांडे, जितेंद्र अभिषेकी: गोविंदरावांची पेटी मध्ये ठेवली की यांतला कुणीही कुणापासून दोन पावलांवर. मुंबईच्या सिनेमात हेच काम गोव्याच्या वादकांनी केलं. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांचं नाव लोकांच्या तोंडी आलं ते १९७७ च्या सिनेमातल्या गाण्यामुळे. त्यांचे विद्यार्थी प्यारेलाल यांनी ते तिथे आणलं. वाजवलेल्या शेकडो गाण्यांच्या तबकड्यांवर ते नव्हतं.

आता हा खेळ संगणकावर खेळला जातो आणि छापील श्रेयनामावलीवरून उत्तर काढतो. नावच नाही, तर दुवाच नाही. मग जे मध्यभागी होते तेच नकाशातून गळतात आणि कडेचे मोठे दिसतात.

जॅझवाल्यांनी हे काम लवकर केलं. १९१२ ते १९४० मधल्या १९८ बँडांतल्या १२७५ वादकांची यादी होती, त्यावरून ग्लायझर आणि डॅनन या दोघांनी २००३ मध्ये जाळं काढलं. काय दिसलं? काळे आणि गोरे वादक वेगवेगळ्या गटांत पडले, आणि न्यूयॉर्क आणि शिकागोचेही गट उठून दिसले. संगीताने माणसं जोडली जातात हे खरं, पण कुठे जोडू दिली नाहीत तेही जाळं दाखवतं. आपल्याकडे अशी यादी केली तर पहिली भेग बायकांची असेल. नाट्यसंगीताच्या भरात स्त्रीच्या भूमिका पुरुष करत होते. गाणाऱ्या बायका त्या मंचावर नव्हत्याच. हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने यांनी नूतन संगीत नाटक मंडळी काढली, तेव्हा कुठे तिथे दुवे पडायला लागले.

यादी करायची तर सुरुवात जवळून करता येईल. नमन, जाखडी, भजनाच्या बाऱ्या, गणपतीतले नाटकाचे प्रयोग, यांत पेटी आणि मृदंग कोण वाजवायचं, हे तुमच्या घरच्या ऐंशीपुढच्या माणसांना ठाऊक आहे. एक वही घ्या. तीन रकाने: वादकाचं नाव, कोणाबरोबर वाजवलं, साधारण कोणत्या साली. साल आठवलं नाही तर "पूल व्हायच्या आधी" असं लिहिलंत तरी चालेल, आम्ही ते लावून घेऊ. आणि एकच नाव दोन गावांच्या वह्यांत आलं, तर ते आधी आम्हांला कळवा.