खांद्याच्या हाडाचा कर्करोग : शस्त्रक्रियेनंतर हात किती चालतो?

'डॉक्टर, हात राहील ना?' खांद्याच्या पात्यात कर्करोग निघाला, की रुग्णाचा पहिला प्रश्न हाच असतो. 'जीव वाचेल ना?' हे नातेवाईक बाहेर येऊन हळूच विचारतात. आज या दोन्ही प्रश्नांचा विचार करू.

पाठीच्या वरच्या भागात दोन्ही बाजूंना त्रिकोणी, चपटी हाडे हाताला लागतात, तीच खांद्याची पाती. प्रत्येक पात्याला 17 स्नायू जोडलेले असतात. या हाडाचा कर्करोग क्वचितच होतो. मुलांत व तरुणांत बहुधा युइंग सार्कोमा, तर चाळिशीनंतर कूर्चेपासून होणारा कॉन्ड्रोसार्कोमा आढळतो.

पूर्वी अशा वेळी बऱ्याचदा खांद्यासकट सबंध हात काढावा लागे. आता मुख्य रक्तवाहिन्या व मज्जातंतू गाठीत सापडले नसतील, तर रोगट हाड आणि भोवतालचा थोडा निरोगी भाग काढून बहुतेक रुग्णांचा हात राखता येतो.

तो किती चालेल, हे काय काढावे लागले यावर ठरते. पात्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात एक उथळ वाटी असते. तीत दंडाच्या हाडाचा गोळा फिरतो. ही वाटी व जवळचे स्नायू राखता आले, तर हात बराचसा पूर्वीसारखा उचलता येतो. सबंध पाते काढले, तर हात सहसा खांद्याच्या उंचीपर्यंतही जात नाही आणि खांदा किंचित उतरलेला दिसतो. मात्र कोपर, मनगट व बोटे चांगली चालतात. जेवणे, लिहिणे, बटणे लावणे जमते. फळीवरचा डबा काढायला मात्र दुसरा हात लागतो.

आता जिवाचा प्रश्न. गाठ किती जोमाने वाढणारी आहे, ती पूर्ण निघाली का आणि रोग फुप्फुसात पोचला आहे का, यावर उत्तर अवलंबून असते. मंद वाढणारा कॉन्ड्रोसार्कोमा पूर्ण निघाला, तर पुष्कळ रुग्ण अनेक वर्षे चांगले जगतात. त्यावर केमोथेरपीचा फारसा उपयोग होत नाही. शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय. युइंगमध्ये मात्र केमोथेरपी अत्यावश्यक. ती अर्धवट सोडणे म्हणजे रोगाला पुन्हा बोलावणे.

शस्त्रक्रियेनंतर हात काही आठवडे झोळीत राहतो. बोटांचे व्यायाम लगेच, खांद्याचे डॉक्टर सांगतील तेव्हाच सुरू करावेत. पहिली दोन वर्षे साधारण दर तीन-चार महिन्यांनी खांदा व छातीची तपासणी करून घ्यावी. दुखत नाही म्हणून ती टाळू नये.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. पाठीत वाढत जाणारी गाठ किंवा रात्री झोप मोडणारे दुखणे तेल चोळून, शेक देऊन अंगावर काढू नका. एक्स-रे काढून घ्या. शंका आली, तर गाठीचा तुकडा हाडांच्या कर्करोगाचे उपचार जेथे होतात तेथेच काढू द्या. चुकीच्या जागी घेतलेला छेद पुढची शस्त्रक्रिया अवघड करतो. वेळेवर गेलेल्या रुग्णाचा हात आणि जीव, दोन्ही वाचण्याची शक्यता अधिक असते.