नवजाताची रुग्णनोंद आणि मातेचे गुपित

रुग्णाविषयी जे कळते ते गुप्त राखणे, हे वैद्याचे जुने व्रत होय. रुग्ण सज्ञान असेल तर गुपित कोणाचे, हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. नवजात अर्भकाच्या बाबतीत मात्र तो प्रथमच सोडवावा लागतो. कारण त्याच्या नोंदीत मातेचीही नोंद अंतर्भूत असते.

एच.आय.व्ही.चे उदाहरण घेऊ. मातेच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून अर्भकात उतरतात व सुमारे १८ महिन्यांपर्यंत आढळू शकतात. म्हणून या काळात ती सापडल्याने अर्भकास संसर्ग झाल्याचे सिद्ध होत नाही. मातेस संसर्ग आहे, हेच त्यातून सूचित होते. जन्मतःच नेव्हिरॅपीन सुरू केल्याची एक ओळही जाणत्यास पुरेशी असते.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार आंतररुग्णाची कागदपत्रे ३ वर्षे जपावयाची असतात आणि रुग्णाने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ७२ तासांत द्यावयाची असतात. अर्भकाच्या वतीने पिता ती मागू शकतो. म्हणजे अपत्याच्या केसपेपरातून पत्नीचे निदान उघड होऊ शकते. उलटपक्षी, २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्सविषयक अधिनियमाने संमतीवाचून असे निदान प्रकट करण्यास सामान्यतः मनाई केली आहे. जोडीदारास धोका असल्यास काही अटींवर वैद्य त्यास सांगू शकतो. परंतु त्यामुळे स्त्रीवर हिंसेचा वा परित्यागाचा प्रसंग ओढवेल अशी वाजवी भीती असल्यास सांगू नये, असेही तेथेच म्हटले आहे.

मग नोंदच करू नये काय? तसे करणे घातक ठरेल. रात्रपाळीची परिचारिका औषधाची मात्रा त्याच नोंदीवरून देते; नोंद नसेल तर अर्भकाचा उपचार चुकेल. तेव्हा भेद करावयाचा तो नोंदणे व न नोंदणे यांत नव्हे, तर उपचारासाठी वाचणारा आणि इतर वाचणारा यांत. मातेचे अहवाल तिच्याच केसपेपरात ठेवावेत. पाळण्यावरील पाटीवर निदान लिहू नये.

तरीही औषधाची ती ओळ अर्भकाच्या कागदांतून वगळता येत नाही. म्हणून कागदांत काय लिहिले आहे व ते कोण मागू शकतो, हे घरी जाण्यापूर्वी मातेस एकांतात समजावून सांगणे व तिला कशाची भीती वाटते हे विचारून घेणे, हे वैद्याचे कर्तव्य ठरते. गोपनीयतेचे रक्षण केवळ कपाटाच्या कुलपाने होत नाही, ते या संभाषणाने होते.