पाच जणींच्या गटात वाचता येणारी एक तरी असेल का?

आजच्या भागात दहावीच्या बीजगणितातला एक धडा परत काढायचाय: संभाव्यता. फासे, नाणी, पत्ते बाजूला ठेवू. आजचा प्रश्न आपल्या नंदुरबार जिल्ह्यातला आहे आणि त्यात लोकांचे पैसे गुंतलेत. गुणाकार नुसता कानाने पकडणं अवघड जातं, म्हणून सगळे आकडे इथे लिहून देतोय. मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा आणि सोबत करून बघा.

तर विषय असा. उमेद अभियानातल्या महिला बचत गटात साधारण १० ते २० सदस्य असतात. पण दुर्गम आदिवासी भागात नियम थोडा सैल आहे, तिथे पाच जणींचाही गट चालतो. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरातले पाडे किती विखुरलेले आहेत ते आपल्याला माहितीच आहे, त्यामुळे ही सवलत बरोबरच आहे. आता गट म्हटला की हजेरी आली, इतिवृत्त आलं, बचतीची वही, कर्जाची वही, बँकेचं पासबुक आलं. हे सगळं कुणीतरी वाचायला आणि लिहायला हवं. प्रश्न हा की पाच जणी रँडम निवडल्या, तर त्यांत वाचता येणारी एकही नसण्याची शक्यता किती?

सुरुवात सोप्या हिशेबाने करू. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारचा साक्षरता दर सुमारे ६४ टक्के होता, तर राज्याचा सुमारे ८२. महिलांचा दर ६४ पेक्षाही कमी होता, पण हिशेबासाठी ६४ च धरू. म्हणजे चिठ्ठी टाकून एक व्यक्ती निवडली, तर तिला वाचता येण्याची शक्यता ०.६४ आणि न येण्याची ०.३६.

पाचही जणींना वाचता येत नसेल, तर ०.३६ ला स्वतःनेच पाच वेळा गुणायचं: ०.३६ × ०.३६ × ०.३६ × ०.३६ × ०.३६. उत्तर येतं ०.००६. म्हणजे १००० गटांत फक्त सहा गट असे, जिथे वाचणारं कुणीच नाही. "एक तरी वाचणारी" असण्याची शक्यता १ वजा ०.००६, म्हणजे ९९.४ टक्के. ही युक्ती लक्षात ठेवा. "किमान एक" असा प्रश्न आला की आधी "एकही नाही" काढायचं आणि ते १ मधून वजा करायचं.

९९.४ टक्के ऐकून वाटतं, विषय संपला. कुठलाही गट करा, वाचणारी एक तरी मिळेलच. कागदावर योजना आखणाऱ्याला इथेच बरं वाटतं. पण इथेच गोम आहे.

आपण जो गुणाकार केला, त्याला एक अट आहे. प्रत्येक निवड दुसरीपासून स्वतंत्र हवी. पहिली बाई शहाद्यातली, दुसरी नवापूरची, तिसरी मोलगीची, अशी सगळ्या जिल्ह्याच्या यादीतून चिठ्ठी निघाली तर अट पाळली जाते. बचत गट असा बनतो का? गट बनतो एका पाड्यावरच्या शेजारणींचा. ज्या पाड्यावर शाळा उशिरा पोचली, तिथे एकीला वाचता येत नसेल तर शेजारणीलाही येत नसण्याची शक्यता वाढते. दोघींचं कारण एकच असतं.

याचा फरक किती पडतो ते बघू. समजा जिल्ह्यात दोनच प्रकारची गावं आहेत आणि लोकसंख्या दोन्हींत निम्मी निम्मी. एका प्रकारात ९० टक्के लोकांना वाचता येतं, दुसऱ्यात ३८ टक्के. सरासरी काढा, बरोब्बर ६४ येते. म्हणजे जिल्ह्याचा आकडा तोच. पण आता पाचही जणी एकाच गावातल्या घ्या.

पहिल्या प्रकारच्या गावात पाचही जणी न वाचणाऱ्या असण्याची शक्यता ०.१ चा पाचवा घात, म्हणजे जवळपास शून्य. दुसऱ्या प्रकारात ०.६२ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.०९२. दोन्हींची सरासरी ०.०४६. मघाशी १००० गटांत सहा होते, आता ४६ झाले. सरासरी तीच राहिली आणि धोका सातपटीहून जास्त वाढला. आणि हे सगळे ४६ गट एकाच प्रकारच्या गावांत आहेत. जिल्ह्याच्या सरासरीत ते दिसतच नाहीत.

आता अजून जवळ जाऊ, एका पाड्यावर. समजा पाड्यावर ४० बायका आहेत आणि त्यांतल्या १५ जणींना वाचता येतं. इथे अजून एक गोष्ट बदलते. जिल्हा १६ लाखांहून मोठा, त्यातून एक व्यक्ती काढली तर उरलेल्यांत फरक पडत नाही. ४० मधून एक काढली की ३९ च उरतात. म्हणून घात न घेता असं गुणायचं: २५/४० × २४/३९ × २३/३८ × २२/३७ × २१/३६. उत्तर सुमारे ०.०८१, म्हणजे आठ टक्के.

आणि फक्त एकच वाचणारी असण्याची शक्यता? १५ जणींतून एक निवडायची १५ पद्धतींनी, २५ जणींतून चार निवडायच्या १२,६५० पद्धतींनी. ४० मधून कुठल्याही पाच निवडायच्या एकूण पद्धती ६,५८,००८. गुणून भागलं की येतं सुमारे ०.२८८, म्हणजे २९ टक्के.

दोन्ही आकडे एकत्र करा. आठ अधिक २९, ३७ टक्के. म्हणजे अशा पाड्यावर चिठ्ठ्या टाकून पाच जणींचे गट केले, तर तीनातल्या एकाहून जास्त गटांत वाचणारी एकही नसेल किंवा एकटीच असेल. एकटी असली तर काय बिघडलं? तिने लिहिलेलं तपासणारी दुसरी कुणी नाही. ती प्रामाणिक असली तरी आकडा चुकला तर पकडणार कोण? ती माहेरी गेली, ऊसतोडीला गेली, तर वही बंद. ज्या गटाची वही एकाच हातात असते, त्याचा सगळा व्यवहार विश्वासावर चालतो.

आता "रँडम" म्हणजे काय, यावर थोडं. मुलांना वाचता येतं का हे तपासणारा "असर" हा सर्वे आपल्याला माहीत असेल. प्रथम संस्थेने तो २००५ मध्ये सुरू केला. त्यात ग्रामीण जिल्ह्यातली ३० गावं निवडतात आणि प्रत्येक गावात २० घरं, म्हणजे एकूण ६०० घरं. एकाच मोठ्या गावात ६०० घरं केली असती तर येण्याजाण्याचा खर्च वाचला असता. पण शेजारी शेजाऱ्यासारखा असतो, म्हणून गावं पसरवतात. गावातसुद्धा चार भाग करून प्रत्येकातून पाच घरं घेतात, म्हणजे फक्त रस्त्यालगतचीच घरं येत नाहीत. याउलट व्हॉट्सॲपवर लिंक टाकून "तुम्हाला वाचता येतं का?" असा पोल घेतला, तर वाचता न येणाऱ्याची निवड होण्याची शक्यताच शून्य. त्या सर्वेत १०० टक्के साक्षरता निघेल.

"कौशल्य" या शब्दाचंही तसंच. जनगणनेत सात वर्षांवरच्या ज्या व्यक्तीला कुठल्याही भाषेत समजून वाचता-लिहिता येतं, ती साक्षर. घरच्यांनी सांगितलेलं लिहून घेतात, वाचून दाखवायला सांगत नाहीत. "असर"मध्ये मुलाच्या हातात प्रत्यक्ष मजकूर देतात: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. आपल्याकडे तर धडगावकडे पावरी, नवापूरकडे मावची, सपाटीवर अहिराणी बोलतात. मराठी अक्षर ओळखणं वेगळं, आणि पासबुकातली नोंद समजून शेजारणीला सांगणं वेगळं. कौशल्याची व्याख्या कडक केली की ०.६४ खाली येतो, आणि पाचवा घात घेतल्यावर ती घसरण कितीतरी मोठी दिसते.

म्हणून कुठल्याही गटाची शक्यता काढताना तीन प्रश्न विचारा. नेमकं काय यायला हवं? माणसं कुठल्या यादीतून निवडली? आणि ती एकमेकांशेजारची आहेत का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल, तर जिल्ह्याची सरासरी वापरू नका, त्या पाड्याची मोजणी वापरा. ४० घरांची मोजणी एका दुपारचं काम आहे.

आणि तुमची आई, काकी, वहिनी गटात असेल, तर पुढच्या बैठकीआधी एवढंच विचारा: वही किती जणींना वाचता येते? उत्तर "एकीलाच" असेल, तर दुसरीला शिकवायला तुमच्यासारखं घरातलं पोरगं आहेच. भेटू पुढच्या भागात!