तेरा हजारांची अट

लंडन : इथे स्थलांतरावर वाद पेटला की कुणीतरी १३ हजारांचा आकडा काढतोच. २००३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले ख्रिस्तियान डस्टमन आणि सहकाऱ्यांनी गृहखात्याला अंदाज दिला होता, की पूर्व युरोपातले देश युरोपीय संघात आल्यावर वर्षाला निव्वळ ५ ते १३ हजार माणसे ब्रिटनमध्ये येतील. २०११च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये एकट्या पोलंडमध्ये जन्मलेले ५ लाख ७९ हजार निघाले. ‘प्राध्यापकांचे काय ऐकता?’ हे पालुपद तेव्हापासूनचे. मला हा त्या संशोधकांवर अन्याय वाटतो. इतर देशही कामगारांना दार उघडतील, हे त्या अंदाजात गृहीत होते. प्रत्यक्षात २००४मध्ये ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनीच ते सताड उघडले. जर्मनीने २०११पर्यंत नाही. अट गळाली आणि आकडा तेवढा लोकांच्या तोंडी राहिला.

तरीही २००७पासून इथे मायग्रेशन अ‍ॅडव्हायझरी कमिटी आहे, मुख्यतः अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांची. सरकार तिला जाहीरपणे प्रश्न विचारते; ती मालक, विद्यापीठे, कामगार संघटना यांच्याकडून माहिती मागवते आणि अहवाल सर्वांसमोर ठेवते. शिक्षणानंतर दोन वर्षे राहू देणारा ग्रॅज्युएट व्हिसा घेणाऱ्यांत सर्वांत मोठा गट भारतीयांचा. २०२४मध्ये तो बंद करण्याची भाषा सुरू होती. समितीने तपासून सांगितले, व्यापक गैरवापर दिसत नाही, व्हिसा ठेवा. मुलांना भुलवणाऱ्या एजंटांना मात्र आवरा. व्हिसा वाचला. पुढच्या वर्षी नव्या सरकारने मुदत दीड वर्षावर आणायचे ठरवले. संशोधनाने सरकारचे हात बांधले जात नाहीत, पण कोणता सल्ला डावलला हे सामान्य माणसालाही दिसते.

आपल्याकडे भारतात सप्टेंबर २०२०मध्ये लोकसभेत विचारले गेले, कोरोनाच्या टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर दगावले? सरकारचे उत्तर होते, नोंद नाही. खरे तर २०१६-१७च्या आर्थिक पाहणीने रेल्वेच्या अनारक्षित प्रवाशांवरून अंदाज बांधला होता, की वर्षाला सुमारे ९० लाख लोक राज्याराज्यांत ये-जा करतात. एवढी माणसे हलतात हे ठाऊक असून संकटात त्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही, याची चीड येते.

नागपूरजवळच्या कोराडीच्या वीजकेंद्राभोवती राबणाऱ्या बाहेरच्या मजुरांवर आपण चौकात भरपूर बोलतो. ते किती, कोणत्या कंत्राटदाराकडे, आजारी पडले तर जातात कुठे? नागपूर विद्यापीठाने हे शोधून कोराडीतच, मराठीत आणि हिंदीत, त्या मजुरांसमोर मांडावे. १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने कंत्राटदारांवर नोंदवह्या ठेवण्याची सक्ती केली होती. आधी त्या मागवाव्यात.