पाय धुतले, बुटाचं काय?

मानपाडा नावाची दोन ठिकाणं ठाणे जिल्ह्यात आहेत. एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, दुसरं डोंबिवलीत एमआयडीसीजवळ, कल्याण-शीळ रस्त्याला लागून. सकाळी चढवलेला बूट रात्रीपर्यंत न काढणारी माणसं दोन्हीकडे भरपूर: सोसायट्यांचे वॉचमन, मॉलमधले सेल्समन, सेफ्टी शूज सक्तीचे असलेले कारखान्यांतले कामगार. त्यात जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. घरी येऊन बूट काढला आणि वास सुटला, की सल्ला ठरलेला असतो, ‘पाय नीट धूत जा’. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. शिवाय माणूस अस्वच्छ असल्याचा त्यातला आरोप बहुतेक वेळा खोटा असतो.

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. दोन्ही पायांत मिळून सुमारे अडीच लाख घर्मग्रंथी असतात. त्यांतून पाझरतं ते मुख्यतः पाणी, थोडं मीठ आणि किंचित अमिनो आम्लं. त्यांतल्या ल्यूसीनपासून स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा आपल्या कातडीवर कायम मुक्कामाला असलेला जिवाणू आयसोव्हॅलेरिक आम्ल बनवतो. पायांचा तो ओळखीचा आंबूस, कुबट वास मुख्यतः त्याचा. मेलेल्या कातडीवर जगणारे ब्रेव्हिबॅक्टेरियम त्यात गंधकयुक्त वायूची भर घालतात. याच जिवाणूचा एक भाऊबंद युरोपात लिंबर्गर चीज मुरवायला वापरतात. आफ्रिकेत मलेरिया पसरवणारी अ‍ॅनोफिलिस गॅम्बिए डासाची मादी माणसाच्या पायांकडे जेवढी ओढली जाते तेवढीच या चीजकडेही, हे बार्ट नोल्स आणि रुर्ड द योंग यांनी दाखवून दिलं. त्याबद्दल त्यांना २००६ साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक मिळालं.

हे जिवाणू थोड्याफार फरकाने सगळ्यांच्याच पायांवर असतात, मग वास काहींनाच का? काहींना मुळातच घाम जास्त येतो, हे खरं. पण तोच माणूस चपलेत असला तर वास येत नाही आणि बुटात असला तर येतो, यावरून फरक कशाने पडतो ते कळतं. चपलेत घाम उडून जातो. बंद बुटात तो साचतो, कातडी भिजून फुगते, पांढुरकी पडते आणि जिवाणूंना आयतं खाद्य मिळतं. पाय रोज धुतले जातात, बूट मात्र महिनोन्महिने नाही. आतला फोमचा सोल पावसाळ्यात एका रात्रीत वाळत नाही, आणि सकाळी धुतलेला पाय पुन्हा त्याच ओल्या वस्तीत जातो. विकाश कुमार आणि सार्थक मित्तल या दोन भारतीय संशोधकांना २०२५चं इग नोबेल मिळालं ते याच दिशेच्या कामासाठी. अतिनील दिव्याने बुटांतले जिवाणू मारणारं शू-रॅक त्यांनी सुचवलं. पाय सोडून त्यांनी बुटावर इलाज केला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

घरगुती उपायही ओल आणि जिवाणू किती आवरतात, या कसोटीवर पाहावेत. खायचा सोडा आयसोव्हॅलेरिक आम्लाचा न उडणारा क्षार करतो, त्यामुळे वास तेवढ्यापुरता दबतो. जिवाणू जागेवरच असतात, संध्याकाळपर्यंत नवं आम्ल तयार. सेंट म्हणजे वासावर वास. तुरटी घाम थोडा आवरते आणि जिवाणूंनाही रोखते, त्यामुळे ती उजवी. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं औषध त्याहून प्रभावी, पण ते रात्री कोरड्या पायांना लावायचं. सगळ्यांत खात्रीचा उपाय मात्र कंटाळवाणा आहे: बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करणं, दुपारी मोजे बदलणं आणि बुटाचे दोन जोड आलटून पालटून वापरणं. वॉचमनला दुसरा जोड परवडणार कसा, हा आक्षेप रास्त आहे. त्याने निदान आतले सुटे सोल दोन ठेवावेत आणि काढलेला पंख्याखाली वाळवावा. स्वस्तातलं स्वस्त तेच.

एवढं करूनही महिनाभरात वास हटला नाही तर तळवा ओला करून उजेडात पाहावा. टाचेवर आणि चवड्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसले, तर तो पिटेड केराटोलिसिस हा जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. त्यावर डॉक्टर लावायचं प्रतिजैविक देतात आणि तो सहसा काही आठवड्यांत बरा होतो. बेचक्यांत खाज आणि भेगा असतील तर बहुधा बुरशी, तिला औषध वेगळं. मेडिकलवाल्याकडून उचललेल्या ‘मिक्स’ ट्यूबमध्ये अनेकदा स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते. मधुमेह्यांनी तर भेग दिसताच दाखवावं, आणि गरम पाण्यात पाय बुडवून बसू नये. बधिर पायाला चटका बसल्याचं कळत नाही.

पावसाळ्यात कितीतरी शाळा मुलांना बुटांऐवजी सँडल चालवून घेतात. गेटवर बारा तास बसणाऱ्या वॉचमनला ती सवलत द्यायला सोसायटीच्या कमिटीला कुणी अडवलेलं नाही. कारखान्यात ते शक्य नाही, तिथे सेफ्टी शूज हवेतच. पण मग जोड देताना एकाऐवजी दोन द्यावेत.