वाट नसलेले डोंगर

सह्याद्रीत हिंडणाऱ्या माणसाला डोंगराची वाट गृहीत धरण्याची सवय असते. गड कितीही आडवळणी असो, त्याच्या पायथ्याला गाव असते, गावात गुराखी असतो आणि गुराख्याला वाट ठाऊक असते. वाट चुकली तरी ती चुकली असे म्हणता येते, कारण ती कोठेतरी आहे याविषयी शंका नसते. परंतु जेथे पायथ्याला गाव नाही, गुराखी नाही, झरा नाही, आणि पायवाटेची साधी रेघही नाही, अशा डोंगरावर माणूस कसा चढतो? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कसा परततो? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातल्या ग्रँड कॅन्यनइतके उत्तम ठिकाण दुसरे नाही. तेथील डोंगरांची काही नावे ऐकून तर आपल्याला घरी आल्यासारखेच वाटेल. एकाचे नाव विष्णू, दुसऱ्याचे ब्रह्मा, तिसऱ्याचे शिव!

नावांची हकीकत

कोलोरॅडो नदीने कोरलेली ही दरी २७७ मैल लांब आणि सुमारे एक मैल खोल आहे. काही ठिकाणी तिची रुंदी १८ मैलांपर्यंत जाते. एवढ्या रुंद दरीत नुसती पोकळी नाही. मूळ पठाराचे तुकडे तिच्यात सुटे होऊन उभे राहिले आहेत. अशा सपाट माथ्याच्या आणि उभ्या कड्यांच्या डोंगराला, तो रुंद असेल तर ‘मेसा’ म्हणतात. झिजून झिजून त्याची रुंदी उंचीपेक्षा कमी झाली की त्याला ‘ब्यूट’ म्हणतात. म्हणजे ब्यूट हे मेसाचे म्हातारपण होय. आपल्याकडे देवगिरीचा सुटा डोंगर किंवा मनमाडजवळची हडबीची शेंडी डोळ्यांपुढे आणली, की हा प्रकार चटकन ध्यानात येतो.

१८८२ साली क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाचा या दरीवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकावर एक चढत गेलेले थर, मध्ये मध्ये आत घेतलेले कट्टे आणि वर निमुळता माथा, हे रूप पाहून डटनला पौर्वात्य देवालयांची शिखरे आठवली. त्याने एका डोंगराला विष्णूचे मंदिर म्हटले, दुसऱ्याला शिवाचे. पुढे ही रीतच पडली आणि ब्रह्मा, बुद्ध, झरतुष्ट्र हेही त्या दरीत येऊन बसले. या नामकरणात भक्ती नव्हती, आकाराची आठवण होती. मात्र देवळाची उपमा एका बाबतीत फसवी आहे. देवळाला दार असते, पायऱ्या असतात. या देवळांची दारे शोधावी लागतात.

खडकाच्या पायऱ्या

दार शोधायचे तर भिंत कशाची आहे हे आधी समजले पाहिजे. सह्याद्रीत जवळपास सारा खडक एकाच जातीचा, म्हणजे काळा बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक साचले. थराचा घट्ट भाग कडा होऊन उभा राहिला आणि ठिसूळ भाग झिजून माची झाली. या पायऱ्यांवरूनच भूशास्त्रज्ञांनी या खडकाला ‘ट्रॅप’ म्हटले. तो शब्द जिन्याच्या पायऱ्यांसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

ग्रँड कॅन्यनमध्येही जिनाच आहे, पण त्याची प्रत्येक पायरी निराळ्या जातीच्या दगडाची. तळाशी नदीकाठी जो काळसर, पिळवटलेला खडक दिसतो त्याचे नावच विष्णू शिस्ट. त्याचे वय पावणेदोनशे कोटी वर्षांच्या आसपास. अगदी माथ्यावरचा कैबाब चुनखडक सत्तावीस कोटी वर्षांचा. या दोहोंच्या मध्ये समुद्राचा गाळ, नद्यांचा चिखल आणि वाळवंटातील वाळू यांचे थर पाळीपाळीने येतात. नियम साधा आहे : चुनखडक आणि वालुकाश्म कडे होऊन उभे राहतात, चिकणमातीचे खडक झिजून उतार होतात. कडा, उतार, कडा, उतार, असा हा क्रम मैलोगणती चालतो. एकदा तो पाठ झाला, की समोरच्या डोंगरावर किती ठिकाणी अडणार आहोत हे पायथ्यापासून मोजता येते.

यांतले दोन कडे विशेष कुप्रसिद्ध आहेत. पहिला रेडवॉल. नावाप्रमाणे तो लाल दिसतो खरा, पण आतून राखी रंगाचा चुनखडक आहे. वरच्या थरांतील लोहाचा गंज पावसाबरोबर ओघळून त्याच्या अंगावर बसला आहे. तो सुमारे पाचशे फूट सरळ उभा असतो आणि दरीच्या दोन्ही अंगांना तटबंदीसारखा पसरलेला आहे. दुसरा कोकोनिनो वालुकाश्म. हा प्राचीन वाळवंटातील वाळूच्या टेकड्यांचा दगड झालेला. त्याच्या पापुद्र्यांवर त्या काळच्या सरपटणाऱ्या प्राण्यांची पावले अजून उमटलेली दिसतात. खालून चढणाऱ्याला रेडवॉलने सोडले तर कोकोनिनो अडवतो, आणि वरून उतरणाऱ्याला हाच क्रम उलटा भेटतो.

दार कोठे असते?

पाचशे फुटांचा कडा दोर न लावता कसा पार करायचा? उत्तर असे, की जेथे तो अखंड आहे तेथे नाहीच करायचा. मैलोगणती पसरलेली भिंत कोठे ना कोठे मोडलेली असते, ती जागा हुडकायची. जमिनीतील हालचालींनी खडक चिरून एक बाजू वर आणि एक खाली सरकली असेल, तर त्या भेगेच्या रेषेत दगडाचा चुरा होतो, पाणी तेथे शिरते आणि कड्यात घळ तयार होते. दक्षिण काठावरून नदीकडे उतरणारी प्रसिद्ध ब्राइट एंजल वाट अशाच एका भेगेच्या आधाराने गेली आहे. गोऱ्या लोकांनी तिला रस्त्याचे रूप देण्याच्या आधीपासून हवासुपाई लोक त्याच रेषेने ये-जा करीत होते. कोठे वरचा कडा कोसळून त्याचा घसारा खालच्या कड्यावर चढलेला असतो आणि आयतीच शिडी मिळते. कोठे दोन डोंगरांमधली खिंड इतकी उंच असते, की तिच्यावरून निघाले म्हणजे खालचे निम्मे कडे आपोआप टळतात. मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्यांच्या लेंड्या आणि खुरांचे ठसे हीही एक खूण. पण मेंढी जेथे जाते तेथे पाठीवर ओझे असलेला माणूस जाईलच असे नाही.

या विद्येचा मोठा अभ्यासक म्हणजे हार्वे बुचार्ट. फ्लॅगस्टाफ येथील महाविद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक होते. १९४५ साली ते त्या गावी आले आणि पुढे चार दशके सुट्टीचे दिवस त्यांनी दरीत घालवले. बारा हजार मैलांहून अधिक चाल, त्र्याऐंशी शिखरे, आणि एकट्या रेडवॉलमध्ये शोधलेली चढण्या-उतरण्याजोगी १६४ ठिकाणे, असा त्यांचा हिशेब सांगतात. एवढी अजिंक्य वाटणारी भिंत. पण धीराने पाहणाऱ्याला तिच्यात दीडशेहून अधिक दारे सापडली! बुचार्ट अंगापिंडाने पहिलवान नव्हते. त्यांचे बळ नोंदीत होते. कोठून सुरुवात केली, कोणत्या थरावर अडलो, परत फिरून कोणती घळ पाहिली, हे ते गणितातील पायऱ्यांप्रमाणे लिहून ठेवीत. आज वाट बंद निघाली, हेही त्यांच्या लेखी उत्तरच असे. अशा माणसालाही दरीने किंमत मोजायला लावली. १९५५ साली हवेच्या गाद्यांवर कोलोरॅडो ओलांडण्याच्या प्रयत्नात त्यांच्याबरोबर आलेला एक तरुण विद्यार्थी पुरात वाहून गेला. खडक वाचता आला म्हणून नदी वाचता येतेच असे नाही.

शिवाच्या माथ्यावर

१९३७ साली या डोंगरांकडे साऱ्या अमेरिकेचे लक्ष लागले. शिव मंदिराचा माथा साडेसात हजार फुटांहून उंच आहे. त्यावर पाइन वृक्षांचे रान आहे आणि चारी बाजूंनी कडे. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयातील हॅरॉल्ड अँथनी या प्राणिशास्त्रज्ञाने असा तर्क मांडला, की हा माथा हजारो वर्षे जगापासून तुटलेला असल्यास तेथील उंदीर-खारींची जात निराळी झाली असेल. प्रश्न शास्त्रीय होता, पण वर्तमानपत्रांना तो पुरेना. हरवलेल्या जगात डायनोसॉर सापडणार, अशी वर्णने छापून आली. सप्टेंबरात मंडळी वर पोचली. प्राणी मिळाले, पण ते काठावरच्या प्राण्यांहून फारसे वेगळे नव्हते. तुटलेपणा वाटला होता तेवढा नव्हता. मिळाले ते वेगळेच : माणसाने घडवलेली दगडी हत्यारे. शिवाय दरीच्या काठावर छायाचित्रांचा व्यवसाय करणारे एमरी कोल्ब त्याच वर्षी, या मोहिमेच्या आधी, वर जाऊन आले होते.

अशीच गोष्ट इतर माथ्यांवरही घडली आहे. ‘प्रथम चढाई’ म्हणून पोचलेल्यांना तेथे जुन्या भिंतींचे अवशेष आणि खापरे दिसली आहेत. रेडवॉलमधील गुहांत विलोच्या डहाळ्या चिरून व वळून केलेल्या प्राण्यांच्या छोट्या आकृती मिळाल्या. त्या दोन ते चार हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. घायपाताचे गड्डे भाजण्याच्या जुन्या भट्ट्याही दरीत जागोजाग आहेत. आपल्या बांधावरचे घायपात आणि फड्या निवडुंग ही मूळची अमेरिकेचीच लेकरे, हे येथे आठवावे. आजही होपी लोक ही दरी आपल्या पूर्वजांच्या उगमाचे पवित्र स्थान मानतात. तेव्हा ‘वाट नसलेला डोंगर’ म्हणजे ‘कोणी न गेलेला डोंगर’ नव्हे. खरोखर दोराविना न चढणारे डोंगरही आहेत. झरतुष्ट्राच्या माथ्यावर १९५८ साली दोघे तरुण गिर्यारोहक पोचले, ते दोर आणि खिळे यांच्या आधाराने. पण असे थोडे.

पाण्याचा हिशेब

आता परतीचा विचार करू, कारण धोका तेथेच दाटलेला आहे. आपला गड चढताना चढ आधी आणि उतार नंतर. दरीतील डोंगरावर हे उलटते. काठावरून आधी उतरायचे, मग डोंगर चढायचा, तो उतरायचा, आणि अंगातले त्राण संपत आले असता काठाचा चढ चढायचा. उन्हाळ्यात तळाची हवा काठापेक्षा सुमारे अकरा अंशांनी गरम असते आणि पारा चाळीसच्या वर जातो.

सह्याद्रीच्या गडावर पोचलेल्याला बहुधा टाक्याचे पाणी मिळते. आपल्या पूर्वजांनी माथ्याच्या कातळात टाकी खोदली म्हणूनच तेथे गड झाले. या वाळवंटी माथ्यांवर पाऊस पडून गेल्यावर खडकाच्या खळग्यांत चार दिवस पाणी साठते, एरवी थेंबही नसतो. उन्हात चढणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जातो. म्हणजे आठ तासांच्या चालीला आठ लिटर, आणि आठ लिटर म्हणजे पाठीवर आठ किलो. ओझे वाढवावे तर घाम वाढतो, कमी करावे तर तहान. यावर उपाय एकच : जाताना वाटेत पाणी ठेवून पुढे जायचे आणि येताना ते घ्यायचे. पण ठेवलेली जागा परत सापडली पाहिजे! शिवाय नुसते पाणी पुरत नाही. घामाबरोबर मीठही जाते, आणि मिठावाचून पाणीच पाणी पिणारा माणूस भोवळून पडतो, प्रसंगी दगावतो.

निम्मे पाणी संपले की मागे फिरावे, हा सपाट रस्त्यावरचा नियम येथे जीव घेईल. शेवटचा चढ सर्वांत जड, म्हणून परतीसाठी निम्म्याहून अधिक पाणी राखले पाहिजे. वाट नसलेल्या भूमीत तासाला मैलभर चाल झाली तरी पुष्कळ, हेही हिशेबात धरावे. तेव्हा माथा हाकेच्या अंतरावर असला तरी पाण्याने ‘फिर’ म्हटले की फिरावे. उन्हाळी ढगांच्या दिवसांत कोरड्या घळीत थांबू नये. दूर कोठे पडलेला पाऊस निरभ्र आकाशाखाली लोंढा होऊन येतो.

उतरण्याची आणखी एक गोम आहे. चढताना खाचा डोळ्यांसमोर असतात, उतरताना त्या पायाखाली दडतात. म्हणून जाणता माणूस दर थोड्या वेळाने मागे वळून पाहतो, कारण परतीची वाट जातानाच्या वाटेसारखी दिसत नाही. आणि जी जागा उतरता येईल अशी खात्री नाही, ती तो चढतच नाही. पायही तो जपून टाकतो. तेथील मातीवर काळसर, खडबडीत कवच असते. ते मृत मातीचे नसून सूक्ष्म जिवाणू, दगडफूल आणि शेवाळ यांनी विणलेले असते, आणि तेच मातीला वाऱ्यापासून धरून ठेवते. एका पावलाने ते मोडते आणि भरून यायला कित्येक दशके लागतात. म्हणून खडकावरून किंवा कोरड्या ओढ्यातून चालावे.

तात्पर्य

वाट माणूस पाडतो, असे आपण समजतो. वाळवंटातील हे डोंगर सांगतात, की वाट बहुधा खडकातच असते, माणूस ती ओळखतो. हवासुपाई, रानमेंढी, गणिताचा प्राध्यापक आणि छायाचित्रकार हे एकमेकांना न विचारता त्याच थोड्या घळींपाशी येतात, कारण कड्याने तेवढीच दारे ठेवली आहेत. नाणेघाटाच्या घळीतून सातवाहनांच्या काळी बैल चढले, तेव्हा त्यांनीही सह्याद्रीने आधीच ठेवलेले दारच वापरले. पायवाट असली की आपण पावलांच्या मागे जातो आणि डोंगराकडे पाहायचे विसरतो. ती नसली की प्रत्येक थर पाहावा लागतो, प्रत्येक लिटर मोजावा लागतो आणि मागे फिरण्याची लाज सोडावी लागते. येत्या सुट्टीत एखादा ओळखीचा गड चढताना क्षणभर वाट सोडून नुसते कड्याकडे पाहावे, आणि स्वतःला विचारावे : ही वाट येथूनच का गेली? या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता आले, त्याला तो गड खऱ्या अर्थाने दिसला.